वजन तेवढंच आहे, मग अंगावरचं मांस गेलं कुठे? कॅन्सर, सीटी स्कॅन आणि स्नायूंबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात केमोच्या दिवसांतल्या जेवणाबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य होतं की कॅन्सरच्या पेशंटचा सीटी स्कॅन तसाही झालेला असतो आणि त्याच स्कॅनवरून त्याच्या अंगात स्नायू किती उरलेत तेही मोजता येतं. सगळ्यात जास्त मेसेज त्या एका वाक्यावर आले. मला फार बरं वाटलं, कारण रेडिओलॉजीत काम करताना रोज दिसतं की गाठीचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं जातं आणि माणूस किती झिजलाय ते मात्र त्याच फोटोत असून कोणी लिहीत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: डॉक्टर, बाबा ६४ वर्षांचे आहेत, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो चालू आहे. वजन आधी ७८ होतं आणि अजूनही ७७-७८ च भरतंय, त्यामुळे ओपीडीत सगळे म्हणतात वजन टिकून आहे, उत्तम. पण मला दिसतंय ना, कानशिलं आत गेलीत, दंडाचं मांस लोंबतंय, खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो. आई म्हणते तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच असं होऊ शकतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: होऊ शकतं, ताई, आणि तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी वेगळी कळत नाही, तो सगळं एकत्र मोजतो, हाडं, चरबी, स्नायू, अंगातलं पाणी सगळंच. आता केमोच्या पेशंटचं काय होतं की हालचाल कमी होते, उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड दिलेलं असतं (ते गरजेचंच असतं, मनाने बंद करू नका) पण त्याने स्नायू झिजायला हातभार लागतो आणि चरबी मात्र तशीच राहते किंवा थोडी वाढते, शिवाय कुणाच्या पायावर सूज येते, कुणाच्या पोटात पाणी होतं. चार किलो स्नायू गेले आणि चार किलो पाणी आणि चरबी आली की काटा हलतच नाही.

दुसरी गोष्ट, हे फक्त 'खात नाहीत म्हणून' होत नाही. साधी उपासमार झाली तर शरीर आधी चरबी वापरतं आणि स्नायू जमेल तितके वाचवतं. कॅन्सरमध्ये अंगात एक सततची जळजळ (पित्ताची नव्हे, आतला दाह, इन्फ्लमेशन) चालू असते, गाठीतून आणि आपल्याच प्रतिकारशक्तीतून अशी रसायनं रक्तात येतात की स्नायूंची मोडतोड वाढते, नवीन बांधणी मंदावते, वर भूकही मरते. २०११ मध्ये या झिजण्याची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली (डॉक्टर लोक त्याला कॅकेक्सिया म्हणतात) त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसतं खाणं वाढवून हे पूर्ण भरून येत नाही. म्हणजे बाबा 'नीट खात नाहीत' म्हणून घरात त्यांना बोल लावू नका आणि स्वतःलाही नको.

जाड माणसात तर हे आणखी लपतं. कॅनडातल्या एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातून २००८ मध्ये एक अभ्यास आला, फुप्फुसाचे आणि पोटाच्या अवयवांचे कॅन्सर असलेले २५० लठ्ठ पेशंट घेतले, सगळ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त, त्यांचे सीटी स्कॅन तपासले तर १५ टक्के लोकांमध्ये स्नायू धोक्याच्या रेषेखाली होते. बाहेरून बघितलं तर भरलेली माणसं! आणि याच लोकांचं आयुष्यमान बाकीच्या लठ्ठ पेशंटपेक्षा कमी निघालं. २०१३ मध्ये तिथूनच १,४७३ पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यातही हेच की वजन कितीही असो, कमी स्नायू हा स्वतंत्र धोका आहे. तेव्हा बाबांच्या डॉक्टरांना सांगा की वजन टिकलंय पण ताकद गेलीय. खुर्चीतून उठताना रेटा द्यावा लागतो हे तर आवर्जून सांगा, ही छोटी तक्रार नाहीये.

प्रश्न: सीटी स्कॅन गाठ बघायला करतात, त्यात स्नायू कसे काय मोजतात? अख्ख्या अंगाचे स्नायू पोटाच्या स्कॅनमध्ये दिसतात का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: अख्ख्या अंगाचे दिसत नाहीत, पण गरजही नाही. कोथिंबीर वडीचा उकडलेला उंडा आडवा कापल्यावर एका चकतीत आत काय काय आहे ते दिसतं ना, सीटी तसाच शरीराच्या आडव्या चकत्या दाखवतो. त्यातली एक चकती आपण निवडतो, कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीची, रिपोर्टमध्ये तिला एल-३ म्हणतात, साधारण बेंबीच्या थोडी वर येते. या एका चकतीत पाठीच्या कण्याला धरून असलेले स्नायू, मांडीकडे जाणारा सोआस, कमरेच्या बाजूचे आणि पोटाच्या भिंतीचे असे सगळे स्नायू एकदम सापडतात, आणि अभ्यासात असं दिसलंय की या चकतीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ अंगातल्या एकूण स्नायूंशी चांगलं जुळतं. म्हणून जगभर हीच पातळी वापरतात.

आता कॉम्प्युटरला स्नायू कोणता आणि चरबी कोणती ते कसं कळतं, तर सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, एक्स-रे तिथे किती अडला त्यावरून. हा आकडा हाउन्सफील्ड युनिटमध्ये असतो, गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्लिश इंजिनिअरच्या नावावरून (तुम्ही इंजिनिअरिंगचे म्हणून सांगतो, १९७१ मध्ये त्यांच्या मशीनवर लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर मिळालं, आणि डॉक्टर दोघेही नव्हते). पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, स्नायू साधारण उणे २९ ते अधिक १५० च्या मध्ये आणि कातडीखालची चरबी उणे १९० ते उणे ३०. तर सॉफ्टवेअर त्या पट्ट्यातले ठिपके रंगवतं, माणूस तपासतो की आतडं किंवा किडनी चुकून रंगवली नाही ना, मग रंगवलेल्या भागाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये येतं आणि त्याला उंचीच्या वर्गाने भागायचं.

उदाहरण घ्या. उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर, वजन ६५, पुरुष, चकतीतले स्नायू १३० चौरस सेंटिमीटर. १.६८ चा वर्ग साधारण २.८२, भागलं की ४६ येतात. हा झाला त्याचा स्नायू निर्देशांक. आता खरी गंमत इथे आहे. २००८ च्या त्या अभ्यासात पुरुषांसाठी रेषा ५२.४ आणि बायकांसाठी ३८.५ ठरवली होती, म्हणजे हा माणूस कमी स्नायूंचा. पण २०१३ च्या अभ्यासात रेषा बीएमआयप्रमाणे बदलली, बीएमआय २५ च्या खाली असेल तर पुरुषांना ४३, २५ किंवा वर असेल तर ५३, बायकांना सरसकट ४१. याचा बीएमआय २३, म्हणजे त्या हिशोबाने हा ठीक! एकच माणूस, एकच स्कॅन, दोन निकाल. शिवाय दोन्ही रेषा कॅनडातल्या पेशंटवरून काढलेल्या, आपल्या लोकांची अंगकाठी मुळात बारीक, त्यामुळे त्या जशाच्या तशा आपल्याला लावणं मला पटत नाही. म्हणून मी एका आकड्यापेक्षा त्याच पेशंटच्या आधीच्या स्कॅनशी केलेली तुलना जास्त महत्त्वाची मानतो.

अजून एक गोष्ट दिसते, स्नायूचा दर्जा. स्नायूत चरबी शिरली की त्याचा हाउन्सफील्ड आकडा खाली येतो, स्नायू आकाराने तेवढाच दिसतो पण ताकद कमी.

प्रश्न: म्हणजे आता यासाठी वेगळा स्कॅन करायचा का? आधीच किती रेडिएशन झालंय, आणि खर्च पण. (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर: नाही, अजिबात नाही. झालेला स्कॅनच वापरायचा, हाच तर याचा फायदा आहे. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतं, निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतं, त्यामुळे गाठीसाठी लागणारा स्कॅन टाळू नका पण फक्त स्नायू मोजायला नवीन सीटी करू नका. पेट-सीटी झाला असेल तर त्यातल्या सीटीच्या भागावरूनही काम होतं. एकच करा, सेंटरवरून नुसत्या फिल्म आणि कागद घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम फाइल (म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागून घ्या. परळला टाटाला किंवा कुठेही दुसरा सल्ला घ्यायला गेलात तरी तीच लागते. फिल्मवरून माप काढता येत नाही.

प्रश्न: आईचे तीन सीटी रिपोर्ट माझ्यासमोर आहेत, एकातही स्नायूंचा उल्लेख नाही. आमच्या रेडिओलॉजिस्टने दुर्लक्ष केलं का? आणि हे नक्की कोणाला विचारायचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दुर्लक्ष म्हणता येणार नाही. रिपोर्ट मागवताना प्रश्न असतो की गाठ वाढली की कमी झाली, लिव्हरमध्ये पसरलंय का, गाठी कुठे आहेत, आणि त्याचं उत्तर दिलं जातं. स्नायूंचं माप नेहमीच्या रिपोर्टचा भाग अजून झालेला नाही, हाताने करायचं तर वेळ जातो आणि रोजच्या यादीत पेशंटची रांग असते. आता एआयमुळे ते सोपं होतंय, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या लोकांनी टोटलसेगमेंटेटर नावाचं टूल सगळ्यांसाठी खुलं केलं, २०२३ मध्ये त्याचा पेपर आला, सीटीमधले अवयव, मणके, स्नायू ते आपोआप वेगळे करतं. त्यामुळे 'वेळ नाही' हे कारण फार दिवस टिकणार नाही आणि टिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅन्सरच्या प्रत्येक सीटी रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ यायला हवी, एल-३ ला स्नायू इतके, मागच्या वेळी इतके होते. एक ओळ! त्यावरून आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टला दोन महिने आधी बोलावता येईल, पेशंट अंथरुणाला खिळल्यावर नाही.

तुम्ही तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा, रेडिओलॉजिस्टला थेट नाही, कारण आकडा आल्यावर पुढे काय करायचं ते त्यांनाच ठरवायचंय. असं म्हणा, "सर, आईचे आधीचे आणि आताचे दोन्ही सीटी आहेत, त्यावरून तिचे स्नायू किती कमी झालेत ते बघून घेता येईल का? आणि तोपर्यंत डाएटिशियनकडे पाठवता का?" दुसरं वाक्य विसरू नका. माप नाही मिळालं तरी ते वाक्य कामाला येतं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, आई-वडील पुण्यात. वडिलांचे स्कॅन माझ्याकडे आलेत. एआयच्या साइटवर अपलोड करून मीच स्नायू मोजले तर चालेल का?

उत्तर: दादा, लांब राहून काहीतरी करावंसं वाटतं ते समजतं, पण नको. डायकॉम फाइलमध्ये पेशंटचं नाव, वय, तारीख, हॉस्पिटल सगळं असतं आणि ते कुठल्याही साइटवर टाकणं बरोबर नाही. दुसरं, टूल आकडा देतंच, तो बरोबर आहे का हे बघायला नजर लागते. मणके मोजताना एका मणक्याची चूक झाली, पेशंट वाकडा झोपला होता, पोटात पाणी होतं, अंगावर सूज होती, तर आकडा फसवा येतो. शिवाय एक स्कॅन साधा आणि एक शिरेतून डाय देऊन केलेला असेल तर डायमुळे स्नायूचा हाउन्सफील्ड आकडा थोडा वर जातो आणि तुम्हाला वाटेल दर्जा सुधारला. तुमचा वेळ दुसरीकडे लावा, सगळे स्कॅन तारखेप्रमाणे लावून ठेवा, दर महिन्याचं वजन आणि जेवण किती जातंय ते लिहून ठेवा आणि व्हिडिओ कॉलवर वडिलांना खुर्चीतून उठून दाखवायला सांगा.

प्रश्न: माझ्या वहिनीला आणि तिच्या शेजारच्या बेडवरच्या बाईंना एकच औषध, डोसही जवळपास सारखा, पण वहिनीला फारच त्रास झाला, तोंड आलं, जुलाब, हातापायाची कातडी निघाली. स्नायूंचा याच्याशी संबंध असतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: असू शकतो. बऱ्याच केमो औषधांचा डोस उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरवतात. समजा दोघी १५५ सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाच्या, दोघींचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर, डोस सारखा. पण एकीच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसरीच्या चरबी जास्त असेल तर औषध पसरायला दुसरीकडे जागा कमी, स्नायूंच्या मानाने बघितलं तर तिला डोस जड पडतो. एडमंटनच्याच गटाने २००९ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ५५ बायकांवर हे बघितलं, औषध कॅपेसिटाबिन, तर कमी स्नायू असलेल्यांपैकी ५० टक्क्यांना जास्त त्रास झाला आणि बाकीच्यांपैकी २० टक्क्यांना. संख्या लहान आहे हे खरं, पण हाच कल नंतर इतर औषधांतही दिसलाय.

तरीही, आजच्या घडीला स्नायू मोजून डोस ठरवण्याची पद्धत नाही, त्यामुळे 'डोस कमी करा' म्हणून हट्ट धरू नका, कमी डोसने कॅन्सर आवरला नाही तर ते महागात पडेल. आणि त्रासाची इतर कारणंही असतात, किडनी, लिव्हर, काही जणांत जन्मतःच एखादं एन्झाइम कमी असतं. वहिनींना काय काय झालं ते पुढच्या सायकलआधी तारखांसकट डॉक्टरांना सांगा, डोस बदलायचा की पुढे ढकलायचा ते ते बघतील.

प्रश्न: भाऊ ४७ वर्षांचा, तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर. त्याचा फक्त मानेचा आणि चेहऱ्याचा स्कॅन झालाय, पोटाचा नाही. मग त्याचं कसं मोजणार? आता रेडिएशन सुरू होईल, डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतात, तो नाही म्हणतोय. (एक वाचक, अकोला)

उत्तर: मानेवरूनही अंदाज येतो. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये दाखवलं की मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर मानेचे स्नायू मोजले तर त्यावरून एल-३ चा अंदाज काढता येतो. मानेच्या गाठीने बाजूचा मोठा स्नायूच गिळला असेल तर त्या बाजूचं माप धरत नाहीत, दुसऱ्या बाजूचं घेतात. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण बघता ही पद्धत आपल्याला फार उपयोगाची आहे.

पण तुमच्या भावाच्या बाबतीत मापापेक्षा नळीचं जास्त घाईचं आहे. रेडिएशन सहा-सात आठवडे चालतं, मध्यावर येईपर्यंत तोंड आणि घसा इतका सोलवटतो की पाणी गिळतानाही डोळ्यात पाणी येतं, आणि याच आठवड्यांत स्नायू झपाट्याने जातात. नळी म्हणजे शेवट जवळ आला असं नसतं. नळी म्हणजे घशाला सुट्टी आणि अंगाला जेवण. नळी असली तरी जमेल तेवढं थोडं थोडं गिळत राहायचं म्हणजे गिळायची सवय जात नाही, त्यासाठी स्पीच आणि स्वॅलो थेरपिस्ट व्यायाम शिकवतात. ज्यांची नळी निघाली आणि आता भाकरी कुस्करून खातायत अशा एखाद्या पेशंटशी त्याची गाठ घालून द्या, वॉर्डात विचारलंत तर भेटेल कोणीतरी. आपल्या बोलण्यापेक्षा त्याचं बोलणं भावाला पटेल. आणि तंबाखू आता पूर्ण बंद, चिमूटभर सुद्धा नाही.

प्रश्न: आम्ही गडचिरोलीकडे राहतो, सीटीला लांब जावं लागतं. घरच्या घरी काही कळतं का?

उत्तर: कळतं, आणि बऱ्यापैकी कळतं. शिंप्याची टेप घ्या आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे मोजा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने जे निकष दिले त्यात पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बायकांत ३३ च्या खाली असेल तर पुढे तपासा असं म्हटलंय. पायावर सूज असेल तर मात्र हे माप धरू नका. दुसरं, हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झालीय. पेशंट पडू नये म्हणून कोणीतरी बाजूला उभं राहा, आणि चक्कर येत असेल तर करूच नका. तालुक्याच्या दवाखान्यात हाताची पकड मोजायचं यंत्र असेल तर पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. आणि वजन तर आहेच, सहा महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोपेक्षा जास्त, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

ही गरीबाची पद्धत म्हणून कमी समजू नका. स्कॅन स्नायू किती ते सांगतो, ताकद किती ते सांगत नाही, दोन्ही लागतं.

प्रश्न: समजा स्नायू कमी निघाले, मग करायचं काय? आमच्याकडे सगळे म्हणतात आराम कर, हलकं खा, ज्यूस पी, दूध-अंडी बंद कर, त्याने गाठ वाढते. (कर्करोगावर उपचार घेत असलेल्या एक ताई, पुणे)

उत्तर: ताई, कृपा करून दूध-अंडी बंद करू नका. तुम्ही खाल्लं नाही म्हणून गाठ उपाशी राहत नाही, ती तुमच्या स्नायूंतून ओढून घेते. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने कॅन्सरसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिलीत त्यात रोज किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत सांगितलंय, आणि उष्मांक किलोमागे २५ ते ३०. म्हणजे तुमचं वजन ६० असेल तर ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. आता आपलं ताट बघा, वाटीभर पातळ वरण, भात, दोन पोळ्या, भाजी, यात ते बसतच नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, मोठा कप दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शंभर ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास. ज्यूसमध्ये जवळजवळ काही नाही. वरणाचं पाणी, तांदळाची पेज, साबुदाणा हे पोट भरतात आणि जागा अडवतात.

एकदम जेवण जात नसेल तर दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. मुगाचं धिरडं आत पनीर किसून, मऊ मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली दही-कोशिंबीर, दुधातलं सातूचं पीठ, पिठल्यात सोयाबीनचं पीठ, कोकण-गोव्याकडचे असाल तर बांगडा, सुरमई, काटे काढून मऊ कढीतला मासा. धातूसारखी चव येत असेल तर लिंबू-कोकम चालतं, तोंड आलं असेल तर मात्र आंबट-तिखट टाळा. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं अंडं, उघड्यावरचं दही, बाहेरची चटणी नको. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून.

आणि आराम. थकवा खरा असतो, झोपावंसं वाटलं तर झोपा, पण दिवसभर अंथरुणावर राहिलात तर स्नायूंना वापरच नाही आणि मग प्रथिनं खाऊनही ती स्नायूंत जात नाहीत. घरात दहा मिनिटं चालणं, खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात लावून टाचा वर करणं, अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन हात वर-खाली, एवढ्यापासून सुरुवात. हाडांत पसरलेलं असेल, प्लेटलेट खूप कमी असतील, ताप असेल तर आधी विचारा. घरातल्या लोकांना एक विनंती आहे, पाण्याचा तांब्या जागेवर आणून देणं हे प्रेमाने होतं ते मला कळतं, पण पेशंट उठून घेऊ शकत असेल तर उठू दे, तुम्ही सोबत चाला.

औषधाचंही अनेकांनी विचारलंय. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १२४ पेशंटवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये आला, ओलांझापिन नावाचं औषध अगदी कमी मात्रेत, २.५ मिलिग्रॅम, केमोबरोबर रोज दिलं तर ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, औषध न घेणाऱ्यांत ९ टक्क्यांचं. आपल्या देशातलं, स्वस्त औषध, भूक मेलेल्या पेशंटला खरंच उपयोगी पडू शकतं, तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, झोप येते, साखर वाढू शकते, इतर गोळ्यांशी भांडतं. आणि वजन वाढलं म्हणजे ते स्नायूंचंच वाढलं असं नाही, त्यामुळे चालणं आणि प्रथिनं सुटत नाहीत. जिममधली पावडर, 'मसल वाढवणाऱ्या' गोळ्या, इंजेक्शनं यांच्या नादाला लागू नका.

प्रश्न: आईचा स्वादुपिंडाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. डॉक्टरांनी केमो थांबवली. तिच्यासाठी हे माप काढून काही उपयोग आहे का? ती खात नाही म्हणून मी रोज तिच्याशी भांडते. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: आता माप नको, ताई. झिजण्याचा एक टप्पा असा येतो की तिथे शरीर अन्न वापरूच शकत नाही, जबरदस्तीने भरवलं तर उलटी, ठसका, पोटदुखी होते आणि आईला अपराधी वाटतं. ती खात नाही म्हणून जात नाहीये, आजारामुळे भूक गेलीय, हे उलटं नीट समजून घ्या म्हणजे भांडण थांबेल. तिला आवडेल ते चमचाभर, हवं तेव्हा. तोंड ओलं ठेवा, कूस बदलत राहा म्हणजे झिजलेल्या अंगाला जखमा होणार नाहीत, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) टीमला आजच फोन करा, दुखणं आणि मळमळ यावर ते खूप काही करू शकतात.

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलने मोजून दिलं. जानेवारीत निर्देशांक ४६.०, एप्रिलमध्ये ४५.४. घाबरावं का?

उत्तर: नाही. एवढा फरक तर मोजणारा बदलला, चकती थोडी वर-खाली झाली तरी पडतो. ४६ चे ४२ झाले असते तर मी लगेच डाएटिशियन आणि फिजिओला बोलावलं असतं. उलट केमो चालू असताना तीन महिन्यांत जवळजवळ जिथल्या तिथे राहणं ही चांगली बातमी आहे, जे खाणं आणि चालणं चालू आहे ते बदलू नका. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने म्हणजे आधी डाय दिला असेल तर याही वेळी डाय देऊन करा, आणि मोजणाऱ्याला जानेवारीची सीडी सोबत द्या.